टायमिंग चेन घरी बदलताना : तयारी, पद्धत आणि मर्यादा

अमेरिकेत गाडीच्या दुरुस्तीचे बिल हाती पडले की बहुधा सुट्या भागांपेक्षा मजुरीचा आकडाच मोठा दिसतो. टायमिंग चेनच्या कामात ही तफावत विशेष जाणवते. साखळ्या, गाइड आणि टेन्शनर यांचा संच काहीशे डॉलरांत मिळू शकतो. मात्र तिथवर पोहोचण्यासाठी इंजिनाचा दर्शनी भाग जवळजवळ संपूर्ण उघडावा लागत असल्याने एकूण खर्च हजारांच्या घरात जातो. जुन्या गाडीच्या बाबतीत तो तिच्या बाजारमूल्याशी स्पर्धा करू लागतो. त्यामुळे घरी गॅरेज, अवजारे आणि यंत्रांची आवड असलेले काही वाहनधारक हे काम स्वतः करण्याचा विचार करतात. तो विचार अव्यवहार्य नाही. परंतु तेल किंवा ब्रेक पॅड बदलण्याच्या पंक्तीत हे काम बसत नाही. येथे काही दातांची चूक संपूर्ण इंजिन निकामी करू शकते.

प्रत्येक इंजिनाची रचना वेगळी असते. येथे उदाहरणासाठी जनरल मोटर्सचे ३.६ लिटरचे व्ही-६ इंजिन घेतले आहे. २००४ च्या कॅडिलॅक सीटीएसपासून आलेले हे इंजिन पुढे शेव्हरोले ट्रॅव्हर्स, जीएमसी अकाडिया आणि ब्यूइक एन्क्लेव्ह या कुटुंबवत्सल गाड्यांतही बसवले गेले.

साखळीचे कार्य

क्रँकशाफ्ट दट्ट्यांच्या हालचालीने फिरतो, तर कॅमशाफ्ट व्हॉल्व्हची उघडझाप करतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हावी लागते. हा मेळ टायमिंग चेन राखते. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. या इंजिनात उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला दट्ट्या एकाच जागेवर हक्क सांगतात. मेळ पुरेसा चुकला की दोघांची टक्कर होते, व्हॉल्व्ह वाकतात आणि सिलिंडर हेड उतरवण्याची वेळ येते.

३.६ लिटरच्या या इंजिनात चार कॅमशाफ्ट आणि तीन साखळ्या आहेत. मुख्य साखळी क्रँककडून दोन मधल्या चक्रांना गती देते. तेथून एकेक दुय्यम साखळी सिलिंडरच्या प्रत्येक रांगेतील दोन कॅमशाफ्टकडे जाते. प्रत्येक साखळीला स्वतंत्र टेन्शनर असतो आणि तो तेलाच्या दाबावर काम करतो.

साखळी ‘लांबते’ कशी?

साखळी रबरासारखी ताणली जात नाही. तिच्या प्रत्येक सांध्यातील पिन आणि छिद्र झिजते. एका सांध्यातील झीज नगण्य असली तरी सर्व सांध्यांची बेरीज झाली की साखळीची लांबी वाढते आणि कॅम ठरलेल्या क्षणापेक्षा मागे पडू लागतात. या झिजेचे मोठे कारण जुने, मळलेले किंवा कमी पडलेले तेल हे असते.

जनरल मोटर्सच्या या इंजिनाचा इतिहास नेमके हेच सांगतो. साखळ्या अकाली झिजल्याच्या तक्रारी वाढल्यावर कंपनीने २००७ ते २००९ मधील काही मॉडेलांसाठी या दोषावरील संरक्षण १० वर्षे किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवले. शिवाय काही गाड्यांच्या संगणकात बदल करून तेल बदलण्याची सूचना लवकर मिळेल अशी व्यवस्था केली. ती मुदत आता संपली आहे. धडा मात्र कायम आहे. तेलाची शिस्त न बदलता केवळ साखळी बदलली, तर नवी साखळीही त्याच वाटेने जाते.

निदान आधी, पाना नंतर

थंड इंजिन सुरू करताना काही क्षण ऐकू येणारा खडखडाट, चेक इंजिनचा दिवा, शक्ती कमी झाल्याची जाणीव ही नेहमीची लक्षणे होत. स्कॅनरवर पी०००८ किंवा पी०००९, तसेच पी००१६ ते पी००१९ यांपैकी कोड दिसू शकतात. क्रँक आणि कॅम यांच्या स्थितीत अपेक्षित मेळ नाही, असा त्यांचा आशय असतो.

परंतु कोड म्हणजे निकाल नव्हे. तेलाची पातळी कमी असणे, कॅमचे नियंत्रण करणारा सोलेनॉइड अडकणे, सेन्सर किंवा त्याची तार खराब होणे यांमुळेही काही कोड येतात. त्या तपासण्या तुलनेने स्वस्त आणि सोप्या आहेत. इंजिन उघडण्यापूर्वी त्या पूर्ण कराव्यात. मधल्या काळात गाडी चालवत राहणे मात्र धोक्याचे.

तयारी

पहिली गरज आहे ती आपल्या गाडीच्या वर्षाला आणि इंजिनाला लागू असलेल्या दुरुस्ती-पुस्तिकेची. अनेक सार्वजनिक ग्रंथालये सभासदांना चिल्टनसारखी दुरुस्तीविषयक माहिती ऑनलाइन मोफत वाचू देतात. बोल्ट किती घट्ट करायचा, कोणत्या क्रमाने आणि कोणता बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, हे व्हिडिओवरून नव्हे तर पुस्तिकेवरूनच ठरवावे. ठरावीक अंशांनी पिळून घट्ट केलेले काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

टॉर्क रेंच, कोनमापक, क्रँक पुली ओढणारा पुलर आणि कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवणारे विशेष साधन आवश्यक आहे. ऑटोझोनसारखी दुकाने काही अवजारे अनामत रकमेवर वापरायला देतात. साखळ्यांबरोबरच गाइड, टेन्शनर, सील आणि गॅस्केट नवे घ्यावेत. एवढे उघडले आहेच, तर पाण्याच्या पंपाचाही विचार करावा.

जागेचा प्रश्न दुय्यम मानू नये. गाडी अनेक दिवस उघडी राहू शकते. भाड्याच्या घराच्या करारात किंवा वसाहतीच्या नियमांत अशा कामाला मनाई असू शकते. सीटीएसमध्ये इंजिन उभे बसवलेले असल्याने समोरून काम करता येते. ट्रॅव्हर्स, अकाडिया आणि एन्क्लेव्हमध्ये ते आडवे असते. साखळ्यांची बाजू उजव्या चाकाकडे येते आणि जागा इतकी अपुरी पडते की अनेकदा इंजिन खालच्या सांगाड्यासह उतरवले जाते. ज्याच्याकडे त्यासाठी साधने नाहीत, त्याने येथेच थांबणे शहाणपणाचे.

कामाचा क्रम

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची तार काढावी, तेल आणि कूलंट वेगवेगळ्या भांड्यांत घ्यावे. थेट इंधन फवारणीच्या इंजिनात इंधनाच्या नळीत मोठा दाब असतो. तो पुस्तिकेप्रमाणे उतरवल्याशिवाय नळीला हात लावू नये. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. भक्कम स्टँड हवेतच.

त्यानंतर इनटेक मॅनिफोल्ड, वरची झाकणे, पट्टा, क्रँक पुली आणि पुढचे झाकण अशा क्रमाने इंजिन उघडते. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यावीत आणि बोल्ट खुणेसह वेगळे ठेवावेत. अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावरील जुना सीलंट काढण्यासाठी ड्रिलवर फिरणाऱ्या घासणी चकत्या वापरू नयेत. त्यांची बारीक पूड तेलात मिसळून बेअरिंग खाते. प्लास्टिकची पट्टी, योग्य द्रावक आणि संयम पुरेसा असतो.

जुन्या साखळ्या काढण्यापूर्वी क्रँक ठरावीक खुणेवर आणावा. तो नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने, म्हणजे समोरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणेच फिरवावा. या इंजिनात नव्या साखळ्या दोन टप्प्यांत बसतात : आधी डावी दुय्यम आणि मुख्य साखळी, मग क्रँक दुसऱ्या खुणेवर आणून उजवी दुय्यम. येथे ‘डावी’ आणि ‘उजवी’ हे शब्द इंजिनाच्या मागून पुढे पाहणाऱ्याच्या दृष्टीने आहेत. आडव्या इंजिनात उजवी रांग प्रवासी कक्षाच्या भिंतीकडे येते. समोर उभे राहून डावे-उजवे ठरवणाऱ्याची गल्लत होते ती इथे.

साखळीतील वेगळ्या रंगाच्या कड्या चक्रांवरील खुणांशी जुळवाव्यात, दाबून पिन लावलेले टेन्शनर बसवावेत आणि सर्व खुणा पुन्हा तपासूनच पिन काढावी.

निर्णायक दोन फेऱ्या

झाकण लावण्यापूर्वी क्रँक हाताने, लांब पान्याने, सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवावा. कुठेही कठीण अडथळा लागला तर जोर करू नये. स्पार्क प्लग काढलेले असताना जाणवणारा अडथळा म्हणजे व्हॉल्व्ह दट्ट्याला टेकल्याची शक्यता. या क्षणी हात थांबला तर बहुधा काही बिघडत नाही. स्टार्टरची मोटर मात्र थांबत नाही.

दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांवर परत दिसत नाहीत. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. साखळीतील कड्या आणि चक्रावरील दात यांच्या संख्या वेगळ्या असल्याने त्या पुन्हा जुळायला बऱ्याच फेऱ्या लागतात. पडताळणी क्रँकच्या खुणेवर आणि कॅम धरणारे साधन सहज बसते की नाही यावर करावी.

सुरू करताना आणि त्यानंतर

सीलंटला सुकण्यासाठी दिलेला अवधी पाळावा. नवे तेल आणि फिल्टर घातल्यावर, इंधनपुरवठा बंद ठेवून स्टार्टर थोडा वेळ फिरवल्यास टेन्शनरपर्यंत तेल पोहोचते. इंजिन सुरू झाल्यावर अल्पकाळ आवाज येऊ शकतो. तो टिकून राहिला तर इंजिन तत्काळ बंद करावे. जुने कोड पुसून, पुस्तिकेत सांगितले असल्यास स्कॅनरने क्रँकची नवी नोंद संगणकाला करून द्यावी. जुने तेल अनेक सुट्या भागांची दुकाने परत घेतात. कूलंट विषारी असून चवीला गोड असल्याने लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे.

गाडी वॉरंटीत असेल तर काम स्वतः करण्याऐवजी आधी विक्रेत्याकडे दाद मागावी. स्वतः तेल बदलले म्हणून वॉरंटी आपोआप रद्द होत नाही. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाला हे संरक्षण देतो. मात्र तेलाच्या पावत्या आणि मैलांची नोंद जपून ठेवायला हवी.

ओळखीच्या मिस्त्रीवर गाडी सोपवून निश्चिंत होण्याची सवय परदेशात मोडते. तिची जागा पुस्तिका, टॉर्क रेंच आणि नोंदवही घेऊ शकतात. घाई मात्र घेऊ शकत नाही. सोमवारी कामावर जाण्यासाठी तीच एक गाडी असेल, तर शनिवारी सकाळी हे काम हाती न घेणे हाच योग्य निर्णय ठरतो.