वऱ्हाडातील मुष्टियोद्धा अनंता चोपडे आणि वजनगटाचा प्रश्न

मुष्टियोद्ध्याची कारकीर्द केवळ विजयांनी घडत नाही. तो कोणत्या वजनगटात लढतो, यावरही ती अवलंबून असते. अर्जेंटिनाचा कार्लोस मोन्झोन १९७० मध्ये रोम येथे निनो बेन्वेनुती यास नमवून व्यावसायिक मिडलवेट गटाचा जगज्जेता झाला व १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच गटात अजिंक्य राहिला. हौशी मुष्टियुद्धात असे स्थैर्य दुर्मीळ आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील व अकोल्यात घडलेला अनंता चोपडे हे त्याचे बोलके उदाहरण होय. २०१९ मध्ये इंडोनेशियातील प्रेसिडेंट्स चषक स्पर्धेत त्याने ५२ किलो गटात सुवर्णपदक मिळविले. परंतु त्याच वर्षी त्याच गटात हरियाणाच्या अमित पंघालने जागतिक रौप्यपदक पटकाविले व टोकियो ऑलिम्पिकमध्येही या गटात भारताकडून पंघालच उतरला. २०२२ च्या थायलंड खुल्या स्पर्धेत चोपडेने ५४ किलो गटाची अंतिम लढत ५-० अशी जिंकली. तथापि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी ५१ किलोनंतर थेट ५७ किलोचा गट होता.

सारांश, ग्रामीण खेळाडूचे मूल्यमापन करताना केवळ ऑलिम्पिक प्रवेशाचा निकष लावणे अन्यायकारक ठरते.