यंत्रबुद्धीचे अध्ययन व ख्रिस्ती विद्यापीठे

ज्युबिलीच्या स्मरणिकेत धर्मगुरूने आपल्या मंदिराचा इतिहास लिहावा अशी रीत आहे. परंतु तो इतिहास ह्या पुस्तिकेत इतर लेखकांनी आमच्यापेक्षा अधिक साक्षेपाने लिहिला असल्यामुळे वाचकांची अनुज्ञा घेऊन आम्ही एका निराळ्या विषयाकडे वळतो. विषय नवा दिसेल; त्याचा इतिहास मात्र दिसतो तितका नवा नाही.

निमित्त असे झाले. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामास असलेले आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सायंकाळची मिस्सा आटोपल्यावर आम्हांस भेटावयास आले. सोबत बारावी उत्तीर्ण झालेली त्यांची कन्या होती. एका ख्रिस्ती विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्ता ह्या विषयाच्या पदवीवर्गात तिला जावयाचे होते व त्यासाठी धर्मगुरूचे शिफारसपत्र हवे होते. गृहस्थ म्हणाले, "फादर, पोरगी म्हणते, यंत्राला विचार करायला शिकवायचं शिकणार. विचार करणं तर देवानं माणसाला दिलं ना? मग हे आपल्या धर्मात बसतं का?" मग थोडे थांबून म्हणाले, "आणि आमच्या खात्यात एक यंत्र आलं तेव्हा चार माणसं घरी बसली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय." मुलगी काही बोलली नाही, पण मान खाली न घालता सरळ आमच्याकडे पाहत उभी राहिली. पत्र दुसऱ्या दिवशी देण्याचे आम्ही कबूल केले. उत्तर मात्र त्या वेळी आम्हांस सुचले नाही. ते राहिलेले उत्तर येथे देत आहोत.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या विद्वानांच्या एका उन्हाळी मेळाव्यापासून रूढ झाले. परंतु यंत्राकडून भाषेचे काम करवून घेण्याचा उद्योग त्यापूर्वीच एका येशूसंघीय धर्मगुरूने आरंभिला होता, आणि तोही कोणाच्या ग्रंथांवर, तर संत थॉमस अक्वायनस यांच्या! आमच्या सेमिनरीच्या दिवसांत आम्ही संत थॉमस यांचा तत्त्वविचार घोकला, परीक्षा दिल्या, काही विसरलोही. पण ह्या फादर रोबेर्तो बुसा यांचे नाव आमच्या कानी फार उशिरा आले.

फादर बुसा हे इटलीचे. जन्म १९१३ सालचा. संत थॉमस यांच्या लिखाणात 'सान्निध्य' ह्या कल्पनेचा अर्थ काय, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. शोध करता करता त्यांच्या ध्यानी आले की ही कल्पना मोठमोठ्या शब्दांत सापडत नाही. ती 'इन' ह्या चिमुकल्या लॅटिन अव्ययात दडलेली आहे. आपण 'देवात', 'हृदयात' म्हणतो, त्यांतला शेवटचा 'त' जे काम करतो, ते हे 'इन' करते. मग त्यांनी हाताने दहा हजार टिपण-पत्रे लिहून काढली. पुढे अवघ्या थॉमस-वाङ्मयाची, म्हणजे कोटीभर शब्दांची, सूची करावयाचे मनात आले, तेव्हा हे काम एका आयुष्यात हाताने होणार नाही हे उघड झाले. १९४९ साली ते न्यूयॉर्कला गेले व आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांस भेटले. कंपनीची यंत्रे तोवर मुख्यत्वे हिशेबाच्या कामी येत. छिद्रे पाडलेल्या पत्रांवर ती आकडे वाचीत. त्या यंत्रांस शब्द वाचावयास लावण्याचा खटाटोप तेथून सुरू झाला, आणि १९७४ ते १९८० ह्या काळात सूचीचे ५६ खंड छापून निघाले. फादर बुसा २०११ साली प्रभूच्या घरी गेले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. त्या कोटीभर शब्दांसाठी पत्रांना छिद्रे पाडली कोणी? गाल्लाराते ह्या गावी फादरांनी १९५६ पासून एक शिक्षणवर्ग चालविला, त्यातील तरुण मुलींनी. वर्षानुवर्षे त्यांची बोटे त्या कळफलकांवर चालली. कित्येकींस तर लॅटिन येतही नसे. सूचीची कीर्ती जगभर झाली. त्या मुलींची नावे मात्र कित्येक दशके कोणी नोंदली नाहीत, ती अलीकडे संशोधकांनी धुंडाळून काढली. आजही यंत्रांस शिकविण्यासाठी लक्षावधी चित्रांवर व वाक्यांवर खुणा कराव्या लागतात, आणि ते काम आपल्या देशातील पुष्कळ तरुण-तरुणी अल्प मोबदल्यात करीत असतात. वाळूजच्या गृहस्थांनी पाहिलेली चार माणसे व गाल्लारातेच्या त्या मुली, ह्यांचा विसर पडून हा इतिहास सांगू नये असे आमचे मत आहे.

आता पदवीच्या शिक्षणाकडे येऊ. कॅथॉलिक महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवावे हे आज कोणास नवल वाटत नाही; परंतु १९६५ साली ते नवलच होते. त्या वर्षी सिस्टर मेरी केनेथ केलर ह्या धर्मभगिनीस विस्कॉन्सिन विद्यापीठाने संगणकशास्त्रातील डॉक्टरेट दिली. अमेरिकेत हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. तिच्या प्रबंधाचा विषय होता अनुमान: पुढे ठेवलेल्या नमुन्यांवरून त्यांमागील नियम यंत्राने कसा ताडावा. आजच्या यंत्रबुद्धीच्या गाभ्याशी असलेला प्रश्न तो हाच. डॉक्टरेट मिळाल्यावर सिस्टर डब्यूक गावच्या क्लार्क महाविद्यालयात राहिल्या. ते तेव्हा मुलींचे कॅथॉलिक महाविद्यालय होते. तेथे त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग स्थापिला व सुमारे २० वर्षे चालविला. क्लार्क आज विद्यापीठ आहे. 'मुलीच्या जातीने हे शिकून काय करायचे?' असे विचारणारे कोणी आमच्या धर्मग्रामात अद्याप असतील, तर त्यांस आम्ही ह्या धर्मभगिनीचे चरित्र सुचवितो.

आपल्या देशातील गोष्ट निराळ्या वाटेने आली. केरळचे संत कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) ह्यांनी १८४६ साली मान्नानम येथे छापखाना काढला. विकतचे यंत्र नव्हते. तेव्हा तिरुवनंतपुरमचा छापखाना पाहून त्यांनी केळीच्या खांबाचा एक नमुना केला व त्यावरून सुताराकडून लाकडी यंत्र घडवून घेतले, असे परंपरेने सांगतात. त्यावर मल्याळम अक्षरे उमटली. ह्याच संतांच्या सीएमआय संघाने १९६९ साली बंगळूरला क्राइस्ट कॉलेज काढले. २००८ साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि पुण्याजवळ लवासा येथे त्याची एक शाखा झाली. ख्रिस्ती विद्यापीठ म्हणजे कॅथॉलिकांचेच असते असे मात्र नव्हे. पुण्यास अॅडव्हेंटिस्ट बंधूंचे स्पायसर विद्यापीठ राज्याच्या कायद्याने उभे आहे.

यंत्रबुद्धीची स्वतंत्र अभियांत्रिकी पदवी भारतात पहिल्याने २०१९ साली हैदराबादच्या आयआयटीने सुरू केली. हैदराबादचे नाव निघाले की आमच्या मराठवाड्यातील वृद्धांस दुसरे विद्यापीठ आठवते: १९१८ सालचे उस्मानिया. निजामी अमदानीत तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाने रसायनशास्त्र शिकावयाचे तर आधी उर्दू परिभाषा गिळावी लागे. ती परिभाषा घडविणाऱ्यांतील अग्रणी मौलवी अब्दुल हक यांचे वास्तव्य दीर्घकाळ आपल्याच शहरात होते, आणि त्यांच्या परिश्रमाविषयी आम्हांस आदरच आहे. त्यांनी आपल्या भाषेसाठी जे केले ते मराठीसाठी येथे कोणी केले, हा प्रश्न मात्र उरतो. आपले मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झाले. आज मुले यंत्रबुद्धी शिकतात ती इंग्रजीतून.

ही मुले शिकतात तरी काय? पहिल्या वर्षी गणित: आकड्यांच्या चौकटी, संभाव्यता, चढउताराचे शास्त्र. जोडीला यंत्रास आज्ञा लिहिण्याची भाषा. पुढे यंत्रशिक्षण. यंत्रास कोणी व्याकरण शिकवीत नाही. त्याच्यापुढे कोट्यवधी वाक्ये ठेवून पुढचा शब्द ओळखावयास लावतात. ते चुकते. किती चुकले ते मोजून त्याच्या पोटातील असंख्य आकडे किंचित इकडेतिकडे सरकवितात, आणि पुन्हा ओळखावयास लावतात. असे होता होता त्याचे अंदाज जुळू लागतात. म्हणजे ज्या भाषेची वाक्ये पुष्कळ, ती त्यास चांगली येते. जिची थोडी, ती अडखळत येते.

आणि आपली मराठी येथेच मागे पडते. यंत्र शब्द अखंड घेत नाही, त्याचे तुकडे करून घेते. बहुतेक वाचन इंग्रजीचे झालेले असल्यामुळे इंग्रजी शब्द एकदोन तुकड्यांत आटोपतो. 'घरातल्यांनीसुद्धा' ह्यासारख्या आपल्या शब्दाच्या मात्र चिंधड्या होतात. फादर बुसांस 'इन' सुटे सापडले. आमचा 'त' शब्दास चिकटलेला, तो सोडवावा लागतो. ह्याचा प्रसाद आम्हांसही मिळाला आहे. एकदा घाईत एका इंग्रजी परिपत्रकाचे भाषांतर आम्ही यंत्राकडून करवून घेतले. रविवारच्या 'पवित्र मिस्से'च्या जागी 'पवित्र वस्तुमान' आले, आणि ख्रिस्तशरीराची भाकर 'यजमान' होऊन बसली! आमच्या धर्मशिक्षकांनी वेळीच पाहिले म्हणून बरे; नाहीतर ते फलकावर लागले असते. यंत्राने पदार्थविज्ञान पुष्कळ वाचले होते, मराठी प्रार्थनापुस्तक बहुधा एकही नाही.

हे दुःख आमच्या लोकांस अपरिचित नाही. १५५६ साली गोव्यात भारतातील पहिला छापखाना आला, तो येशूसंघीयांच्या सेंट पॉल कॉलेजात. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचिले. त्यांस ते आपल्या अक्षरांत छापावयाचे होते. १६०८ साली त्यांनी रोमला वरिष्ठांस पत्र लिहून ठशांसाठी अनुज्ञाही मागितली. परंतु अक्षरे व जोडाक्षरे मिळून आकृती शेकड्यांनी, आणि ठसे काही पडले नाहीत. १६१६ साली राचोल येथे पुराण छापले गेले ते रोमी लिपीत. मराठी वाचकास ते देवनागरीत छापलेले मिळाले १९५६ साली, शांताराम बंडेलू ह्यांच्या पुणे येथील आवृत्तीने. मध्ये गेली ३४० वर्षे. यंत्र होते, कवी होता, ओव्या होत्या; अक्षरे तेवढी नव्हती.

अशा वेळी कोणी तरी बसून ठसे पाडावे लागतात. २०२१ साली पुण्याच्या एलथ्रीक्यूब ह्या गटात पदवीच्या विद्यार्थ्यांनी सुमारे १६,००० मराठी ट्विटे गोळा केली, एकेक वाचून तीत आनंद आहे, राग आहे की नुसती माहिती, ह्याची खूण केली, आणि तो साठा सर्वांस खुला केला. ही मुले काही ख्रिस्ती विद्यापीठातील नव्हेत. पण कंपनी किंवा सरकार यांची वाट न पाहता विशीतील मुलांनी हे केले, ह्याचे आम्हांस फार कौतुक वाटते. ख्रिस्ती विद्यापीठातील आमच्या मुलांनी ह्याहून कमी करावे असे कारण दिसत नाही.

गृहस्थांच्या पहिल्या प्रश्नास ख्रिस्तसभेचे उत्तर अलीकडेच आले आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे संत थॉमस यांच्याच सणादिवशी, रोमहून 'आन्तिक्वा एत नोवा' हे निवेदन निघाले. संत थॉमस बुद्धीच्या दोन क्रिया सांगतात: एक पायरीपायरीने तर्क करणारी, दुसरी सत्य एका दृष्टीत ग्रहण करणारी. निवेदनाने तोच भेद पुढे ठेवून म्हटले आहे की यंत्र कार्य करते, पण माणसाप्रमाणे देह, नाती व देवाची ओढ यांसह जाणत नाही. तेव्हा ह्या शास्त्राने देवाचे काही हिरावले जात नाही. ते शिकणे म्हणजे पाप नव्हे.

दुसऱ्या प्रश्नास इतके सरळ उत्तर नाही. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली मजुरांच्या हक्कांविषयी विश्वपत्र लिहिले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महाशयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, ते त्या पत्राचे स्मरण करून, व यंत्रबुद्धीमुळे श्रमांपुढे उभ्या राहिलेल्या संकटाचा स्पष्ट उल्लेख करून. पण विश्वपत्राने घरी बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जात नाही, हे आम्ही जाणतो. आणखी एक कबुली: ख्रिस्ती विद्यापीठांची वर्षाची फी वाळूजच्या कामगाराच्या आवाक्याबाहेरची आहे. घोगरगावच्या परिसरात गुरुबाबा म्हणून ओळखले गेलेले फ्रेंच धर्मगुरू फादर जाकिये खेड्यातील मुलांस शिकविण्यासाठी झिजले. त्यांच्या वारसांनी शिष्यवृत्तीचा विचार ह्या ज्युबिली वर्षात तरी करावा. आमच्या धर्मग्रामाचा निधी फारच लहान आहे.

पत्र आम्ही दिले. त्यासोबत आमच्या कपाटातील एक जुने मराठी प्रार्थनापुस्तकही त्या मुलीस दिले. त्याची पाने वाळवीने कोपऱ्यांत खाल्ली आहेत. सुट्टीत घरी आली की ती ते संगणकावर टंकून काढते व शब्दांची यादी करते. मागील खेपेस तिने आम्हांस विचारले की 'मिस्सा' व 'मिस्साबलिदान' हे यादीत एकच शब्द म्हणून मोजावयाचे की दोन. आम्ही रविवारी मिस्सेनंतर म्हाताऱ्या मंडळींस विचारले. दोघे एक म्हणाले, तिघे दोन. पुढच्या रविवारी पुन्हा बसावयाचे ठरले आहे.