वेशीवरचा पहारा : इव्हेंट बस ब्राउझरपर्यंत कशी आली

शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीनं आपल्या सुपे परगण्याचं नाव येतं. तेव्हा सुरुवात जुन्या गावापासूनच करू. गावात दवंडी पिटली की ज्याचं काम असेल तो कान देई. दवंडीवाल्याला एकेकाचं दार ठोठवावं लागत नसे. संगणकातली ‘इव्हेंट बस’ म्हणजे अशीच दवंडी. एक सेवा ठरलेल्या पत्त्यावर संदेश टाकते, आणि त्या पत्त्यावर कान लावून बसलेल्यांना तो मिळतो.

या कल्पनेच्या इतिहासात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे महत्त्वाचे. संगणकात सगळी कार्डं एका बसला जोडता येतात, मग सॉफ्टवेअर का जोडू नये, असा त्यांचा विचार होता. १९८०च्या दशकात त्यांच्या टेक्नेक्रॉन कंपनीच्या ‘इन्फर्मेशन बस’नं वॉल स्ट्रीटवरचे बदलते भाव दलालांच्या पडद्यावर पोचवले. १९९४ मध्ये रॉयटर्सनं ती कंपनी घेतली, आणि १९९७ मध्ये टिबको उभी राहिली.

पण ही बस कंपनीच्या आतली होती. ब्राउझर राहिला वेशीबाहेर. वेबची मूळ रीत अशी, की ब्राउझरनं विचारायचं आणि सर्व्हरनं उत्तर द्यायचं. सर्व्हरला आपणहून बोलता येत नसे, म्हणून पान पुन्हापुन्हा विचारत बसे, ‘नवीन काही?’ डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचं प्रमाण प्रसिद्ध झालं आणि दुतर्फा रस्ता अधिकृत झाला. त्याच वर्षी टिम फॉक्स यांनी सुरू केलेल्या प्रकल्पाला पुढे व्हर्टएक्स हे नाव मिळालं. त्यातल्या पुलानं आतली बस थेट ब्राउझरपर्यंत नेली. वेबसॉकेट चालत नसेल तिथे सॉकजेएस दुसरी वाट काढून देतं.

आता खरी मेख बघा. आतली सेवा ‘तू कोण?’ असं सहसा विचारत नाही. संदेश वेशीच्या आतून आलाय, म्हणजे आपल्याच माणसाचा, हे ती धरून चालते. पूल सताड उघडा ठेवला, तर कोणीही परका ‘ऑर्डर रद्द करा’ असा संदेश टाकेल, नाहीतर दुसऱ्याच्या खात्याची माहिती गुपचूप ऐकेल.

म्हणून व्हर्टएक्सचा पूल मुळात बंदच असतो. आत काय येईल आणि बाहेर काय जाईल, यांच्या दोन वेगळ्या याद्या आपण द्यायच्या. लॉगिन केलेल्यालाच वाट द्यायची असेल, तर तसंही सांगता येतं. नवशिके मात्र ‘संदेश पोचत नाही’ म्हणून वैतागतात आणि यादीत एक रिकामा नियम टाकतात. रिकामा नियम म्हणजे सगळ्यांना परवानगी! संदेश पोचतो, काम झाल्यासारखं वाटतं.

मंडळी, रस्ता बांधायला आपण वीसेक वर्षं घालवली. पहारेकरी नेमायला दोन ओळी लागतात. त्या दोन ओळी आधी लिहा.