भेग, मोहोळ आणि घुमट

वैशाखांत कुंभारीच्या शिवारांतून चालावयाचें म्हणजे पाऊल जपून टाकावें लागतें. पाण्यावांचून काळी जमीन आक्रसते व तिला खोल भेगा पडतात. त्या भेगा प्रथमदर्शनीं वेड्यावांकड्या वाटल्या, तरी वांकून पाहणारास रानभर पांच-सहा कोनांच्या फरश्या बसविल्याचा भास होतो. हीच आकृति दख्खनच्या काळ्या दगडांतहि आढळते. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थर पसरले. ते निवतांना आक्रसले, आणि कांही ठिकाणीं त्यांचे उभे, बहुकोनी खांब झाले. मुंबईस अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे सुमारें २०० फूट उंचीचे असे खांब आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिलेहि असतील.

मेणाच्या पोळ्यांत पुन्हां तोच षट्कोन. रोमन ग्रंथकार व्हारो यानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतच त्याची चर्चा केली आहे, व अलेक्झांड्रियाच्या पॅपसनें त्याबद्दल मधमाशीच्या बुद्धीची तारीफ केली. समान क्षेत्राचीं घरें कमींत कमी कुंपणांत बसवावयाचीं तर षट्कोनासारखी दुसरी आकृति नाहीं, हें गणितानें निर्विवाद सिद्ध होण्यास मात्र १९९९ साल उजाडावें लागलें. तें काम अमेरिकेंतील टॉमस हेल्स यांनीं केलें.

आतां भिंतीच्या कोपऱ्यांत मातीचें घर करणारी कुंभारीण पाहा. (गांवाच्या नांवाशीं तिचा कांही संबंध आहे असें आम्ही म्हणत नाहीं.) तिचें घर गोल, गाडग्यासारखें. कारण उघड आहे: तिला शेजार नाहीं. एकटीचें घर गोल होतें. शेजाऱ्याशीं भिंत वांटून घ्यावयाची म्हटली कीं कोन येतात.

माणसानें हे आकार निसर्गापासून उचलले काय, असा प्रश्न नेहमीं विचारतात. सोलापुराहून सुमारें १०० किलोमीटरांवर विजापूरचा गोल घुमट आहे. महंमद आदिलशहाच्या या कबरीचें बांधकाम १६५६ च्या सुमारास थांबलें. चौकोनी दालनावर आंतून सुमारें १२४ फूट व्यासाचा घुमट, आणि मध्यें एकहि खांब नाहीं. एकमेकांस छेदणाऱ्या आठ कमानींनीं चौकोनाचा अष्टकोन केला आहे व त्यावर वर्तुळ टेकविलें आहे. घुमटाचें वजन कमानींच्या आधारें आंतल्या बाजूस झुकतें व भिंती उलथत नाहींत. बाहेरून पाहावें तों घुमटाच्या बुडाशीं कमळाच्या पाकळ्यांचें कडें आहे. आमच्या मतें निसर्गाची नक्कल म्हणावी ती फक्त या पाकळ्यांत. कमानी कोणा फुलापासून घेतलेल्या नाहींत. मधमाशी ज्या काटकसरीस बांधलेली, तिलाच गवंडीहि बांधलेला. स्कॉटलंडचे प्राणिशास्त्रज्ञ डार्सी टॉमसन यांनीं १९१७ सालीं हाच विचार एका मोठ्या ग्रंथांत मांडला, कीं आकार हे बऱ्याच अंशीं बळांचें लिखित असतें.

उलट उदाहरण बार्सिलोनाच्या आंतोनि गाउदींचें. पवित्र कुटुंबाच्या मंदिराचें काम त्यांनीं १८८३ सालीं हातीं घेतलें व १९२६ मधील आपल्या अंतापर्यंत सोडलें नाहीं. त्या मंदिरांत शिरणारास रानांत शिरल्यासारखें वाटतें. खांब वर जाऊन झाडासारखे फांटतात. परंतु गाउदींनीं झाडाचें केवळ रूप घेतलें नाहीं. दुसऱ्या एका प्रार्थनामंदिरासाठीं त्यांनीं दोऱ्या टांगून त्यांस शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या अडकविल्या, आणि ती टांगणी उलटी करून कमानींचा बांक ठरविला. हें समजण्यास परदेशीं जावयास नको. सोलापुरांतील विडी कामगार माता मुलास लुगड्याच्या झोळींत निजविते. त्या झोळीचा बांक आपल्याच भारानें पडतो, आणि तोच उलटा धरला कीं उभी राहणारी कमान मिळते.

अशा मातांचीं घरें आज कुंभारीस आहेत. गोदूताई परुळेकर यांच्या नांवाच्या वसाहतींतील १० हजार घरें २००६ सालीं विडी कामगार स्त्रियांस मिळालीं. पुढें रे नगरांत ३० हजार घरांची योजना झाली, व त्यांपैकीं १५ हजारांचें हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजीं झालें. दुरून तीं पाहतांना मोहोळ आठवतें. तथापि घरें षट्कोनी नाहींत, आणि नसावींतच. खाट, कपाट व पेटी हीं काटकोनाचींच असतात, त्यांस सहा भिंतींच्या खोलींत अडचणच होईल.

खरी अडचण पायाखालीं आहे. उन्हाळ्यांत आक्रसणारी ही जमीन पावसाळ्यांत फुगते, व उथळ पायाच्या भिंतींत शिवारांतल्याच भेगा येऊन उभ्या राहतात. आयुष्यभराच्या विड्यांच्या मजुरींतून हप्ते फेडणाऱ्या बाईस ती रेघ दिसली, तर तिला झोंप कोठची? म्हणून या मुलखांतील जाणता गवंडी आधीं काळी माती किती खोल आहे तें पाहतो, आणि मुरूम लागेपर्यंत पाया भरीत नाहीं.