पगार, पोस्त आणि टीप : मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवरील वेटरांचा इतिहास

१/ आंबिवलीच्या फलाटावर मध्यंतरी एक तरुण भेटला. शेजारी दोन भरलेल्या बॅगा होत्या आणि निरोप द्यायला आई-वडील आले होते. हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण संपवून तो एका परदेशी क्रूझच्या रेस्टॉरंटमध्ये रुजू व्हायला निघाला होता. पगाराविषयी विचारले तर म्हणाला, "बेसिक फार नाही दादा, पण टिपा चांगल्या मिळतात." या वाक्यामागे किमान दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा मोठा भाग आपल्याच मुंबई बंदरात घडला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी एक गैरसमज दूर करू. 'टिप' हा शब्द 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला, असे सांगणारे संदेश फिरत असतात. ही व्युत्पत्ती रचलेली आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये चोर-भामट्यांच्या बोलीत 'टिप' म्हणजे 'हळूच हातात देणे' असा प्रयोग होता आणि तो तिथूनच सभ्य समाजात शिरला. आद्याक्षरांचे शब्द बनवण्याची आवड तर विसाव्या शतकातली.

३/ मराठीत या व्यवहारासाठी एकाहून अधिक शब्द आहेत आणि ते परस्परांचे पर्याय नाहीत. गावच्या सुताराला, लोहाराला, कुंभाराला खळ्यावर मिळे ते बलुते. तो त्याचा हक्क होता. पाटील रागावला म्हणून बलुते बंद होत नसे, आणि झालेच तर त्यावर गोतसभा बसे, तंटा वरपर्यंत जाई. दिवाळीला गडीमाणसांना आणि टपालवाल्याला दिली जाई ती पोस्त. ती हक्क नव्हे, पण रूढी खरी. न देणाऱ्याला लोक नावे ठेवत. 'बक्षीस' हा फारसीतून आलेला शब्द. ते सर्वस्वी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून. मर्जी झाली तर मिळाले, नाही तर नाही.

बोटीवरच्या वेटराला मिळते ते यांपैकी नेमके काय? मालकाने ते सोयीप्रमाणे कधी पोस्त मानले, कधी बक्षीस. वेटराला मात्र ते बलुते वाटत आले.

४/ आता बोटींकडे वळू. 'पी. अँड ओ.' या ब्रिटिश कंपनीला १८४० मध्ये शाही सनद मिळाली. केवळ सहलीसाठी समुद्रप्रवास ही कल्पनाही तिनेच १८४४ मध्ये विकायला काढली. इंग्लंडहून जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स असा तो मार्ग होता. पुढे या कंपनीच्या डाकबोटी मुंबईला येऊ लागल्या आणि १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडल्यावर मुंबई हे हिंदुस्थानचे समुद्रद्वार ठरले.

५/ या बोटींवर कामाची विभागणी जवळजवळ जातवार होती. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, त्यांत कोकणी मुसलमान बरेच. खाली बॉयलरच्या धगीत पंजाब आणि सरहद्दीकडचे मुसलमान. आणि जेवणघर, केबिनी, स्वयंपाकघर यांत गोव्याचे ख्रिस्ती. सारंग, टंडेल, भंडारी हे बोटीवरचे हुद्दे आपल्या किनाऱ्याचेच शब्द. इंग्रजांनी ते जसेच्या तसे उचलले. या सर्व आशियाई खलाशांना मिळून 'लस्कर' म्हणत. मूळ शब्द फारसी 'लष्कर'.

६/ जेवणघरात गोव्याचीच माणसे का? कारणे सरळ आहेत. युरोपीय ताटातले गोमांस, डुकराचे मांस आणि मद्य हाताळताना त्यांना धर्माची किंवा जातीची आडकाठी नव्हती. पाश्चात्त्य स्वयंपाक आणि वाढण्याची रीत त्यांच्या परिचयाची होती. आणि घरी पोट भरत नव्हते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याच्या मीठ आणि दारू या धंद्यांवर इंग्रजांचे नियंत्रण आले. त्याने गावोगावचे हात रिकामे झाले. बारदेश आणि साष्टीतले तरुण मुंबईची वाट धरू लागले. कोंकणीत खलाशाला 'तारवटी' म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतले 'तारू' त्यात ओळखू येते.

गंमत अशी की ही माणसे कायद्याने पोर्तुगालची प्रजा होती. ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वांत प्रतिष्ठित बोटींवर साहेबाला सूप वाढणारा हात परक्या राजाच्या प्रजाजनाचा होता!

७/ लस्करांचे वेतन साधारणतः युरोपीय खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाएवढे असे. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला झोपण्यासाठी किमान ७२ घनफूट जागा ठरवली होती. लस्करांसाठी हिंदुस्थानी नियमांत ती ३६ घनफूट होती. बरोबर निम्मी.

८/ वेतन कमी आणि टीप जास्त हे केवळ काळ्या-गोऱ्याचे प्रकरण होते काय? नाही, आणि इथे जरा थांबले पाहिजे. १९१२ च्या 'टायटॅनिक'वर गोऱ्या स्टुअर्डला महिन्याला ३ पौंड १५ शिलिंग मिळत. त्याच बोटीवर कोळसा घालणाऱ्या फायरमनला ६ पौंड होते. स्टुअर्डचे काम कमी प्रतीचे म्हणून हा फरक नव्हता. उरलेले पैसे प्रवासी देतील, असा हिशेब कंपनीने आधीच करून ठेवला होता. अर्थात टीप ही वेतनावरची भर नव्हती. ती वेतनात धरलेली होती, फक्त ती कोण देणार आणि देणार की नाही, हे कोणी लिहून देत नव्हते.

गोव्याच्या वाढप्याला या दोन्ही गोष्टींचा मार बसला. स्टुअर्ड म्हणून पगार कमी आणि लस्कर म्हणून त्याहून कमी.

९/ त्या काळी टिपेविरुद्ध ओरडही खूप झाली. अमेरिकेत १९०९ पासून वॉशिंग्टन, मिसिसिपी, आर्कान्सा अशा काही राज्यांनी टीप देण्या-घेण्यावर चक्क बंदी घातली. टीप ही लोकशाहीला न शोभणारी सरंजामी सवय आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२६ पर्यंत हे सर्व कायदे गुंडाळले गेले. टीप घेणे गुन्हा ठरले होते. कमी पगार देणे मात्र गुन्हा नव्हता. मग दुसरे काय होणार?

१०/ पुन्हा मुंबईत येऊ. दोन सफरींच्या मध्ये तारवटी राहत कुठे? धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांत गोव्याच्या गावागावांच्या खोल्या होत्या. त्यांना 'कूड' म्हणत, इंग्रजीत क्लब. भरभराटीच्या काळात त्यांची संख्या शेकड्यांत होती. धोबीतलावच्या जेर महालात अशा खोल्या अजून आहेत. भिंतीलगत ओळीने ठेवलेल्या ट्रंका, एका टोकाला वेदी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि नाममात्र भाडे. बोट मिळेपर्यंत माणूस इथे थांबे. कधी आठवडे, कधी वर्ष.

(कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी गोव्यात नव्हे, मुंबईत झाला. त्या रंगभूमीला पुढे जो प्रेक्षक लाभला त्यात या कुडांतली माणसे मोठ्या संख्येने होती. पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय.)

११/ या थांबण्यातच खरी मेख होती. जागा थोड्या, माणसे पुष्कळ. भरती दलालांच्या आणि बोटीवरच्या मुकादमांच्या हाती. डेकसाठी घाटसारंग, जेवणघरासाठी बटलर. त्यांचे हात ओले केल्याशिवाय बोट मिळणे कठीण. म्हणजे प्रवाशाने शेवटच्या रात्री वाढप्याच्या हातावर ठेवलेली नाणी वाढप्याकडे राहतच असत असे नाही. पुढच्या सफरीची जागा मिळवण्यासाठी त्यातली काही वर सरकत. जे खालच्याला बक्षीस म्हणून मिळाले तेच वरच्याला दस्तुरी म्हणून गेले! टिपेच्या इतिहासात या परतीच्या प्रवासाचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

१२/ हा प्रश्न कागदावर आला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९२० मध्ये जिनोआच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने खलाशांना नोकरी लावून देण्यासाठी शुल्क घेऊ नये, असा करार केला. १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने खलाशी भरतीच्या चौकशीसाठी क्लो समिती नेमली. पुढे १९२९ च्या व्हिटली आयोगानेही हा विषय हाताळला, आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. दलालीचा मुद्दा सर्वांना मान्य होता. सुधारणा मात्र गोगलगाईच्या गतीने झाली. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेण्यास मनाई करणारा स्वतंत्र भारताचा व्यापारी नौवहन कायदा १९५८ चा आहे.

१३/ आता एक आडवळण, पण ते आंबिवलीतूनच जाते. १८५५ मध्ये कल्याणहून वाशिंदपर्यंत रेल्वे पोहोचली, ती आपल्या गावावरून. पुढे १९१२ मध्ये बॅलार्ड पिअरहून थेट पेशावरकडे जाणारी 'पंजाब लिमिटेड' सुरू झाली, आजची पंजाब मेल. पी. अँड ओ.च्या बोटीतून उतरलेला साहेब, आदल्या रात्री वाढप्याला टीप देऊन, याच रुळांवरून थळ घाटाकडे जात असे.

त्याच मुंबईत गिरणी कामगारही एका देण्यासाठी झगडत होते. युद्धकाळापासून गिरणीमालक बोनस देत होते. १९२३ चा बोनस नाकारला गेला तेव्हा १९२४ च्या आरंभी मोठा संप झाला. सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या समितीने निकाल दिला की कामगारांचा बोनसवर कोणताही हक्क नाही. रूढीने नाही, कायद्याने नाही, न्यायबुद्धीनेही नाही. बोनस म्हणजे बक्षीस. विषय संपला!

१४/ पण तो संपला नाही. चार दशके संप, वाटाघाटी आणि न्यायालये यांतून गेल्यावर १९६५ मध्ये बोनस देण्याचा कायदा झाला आणि मालकाच्या मर्जीची गोष्ट कामगाराच्या हक्काची झाली. आंबिवलीजवळ मोहोने येथील एनआरसीच्या रेयॉन कारखान्यातल्या कामगारांच्या घरी दिवाळीचा बोनस ही कुणाची कृपा नव्हती. गणित ठरलेले होते. तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला, आणि ज्यांच्या आधीच्या पिढीने मस्टरवर सही करून पगार घेतला, अशी मुले आज टिपेच्या भरवशावर समुद्रावर जातात.

माझ्या मते या धाग्याचा गाभा इथे आहे. बोनस आणि टीप दोन्ही बक्षीस म्हणूनच जन्मले. एक जमिनीवर राहिले म्हणून कायद्याच्या कक्षेत आले. दुसरे समुद्रात होते, आणि समुद्रावर कायदा जहाजाच्या झेंड्याबरोबर बदलतो.

१५/ झेंड्याची युक्तीही जुनी आहे. अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा बोटीवर मद्य विकता यावे म्हणून १९२२ मध्ये 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' या प्रवासी बोटी पनामाच्या नोंदणीत गेल्या. दारूसाठी काढलेली ही वाट पुढे वेतनासाठी उपयोगी पडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जेट विमानांनी बोटींचे प्रवासी पळवले. नुसता प्रवास विकता येईना, तेव्हा कंपन्यांनी सहल विकली. कॅरिबियनमध्ये आजच्या अर्थाचा क्रूझ धंदा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. जहाज पनामा किंवा बहामाचे, मालक अमेरिकेतला, प्रवासी युरोप-अमेरिकेतले, वाढपी गोवा, मुंबई, फिलिपिन्स, इंडोनेशियाचा.

१६/ टिपेचे रूपही बदलले. पूर्वी शेवटच्या रात्री पाकीट दिले जाई. आता अनेक कंपन्या रोजची ठरावीक रक्कम प्रवाशाच्या बिलात आपोआप जोडतात आणि ती कर्मचाऱ्यांत वाटली जाते. दिसायला हे बलुत्याच्या जवळचे. परंतु बऱ्याच ठिकाणी प्रवासी ती रक्कम काउंटरवर जाऊन कमी करून घेऊ शकतो, म्हणजे मर्जी शिल्लक राहतेच.

२०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांत बातमी आली की पी. अँड ओ. क्रूझेसच्या काही कर्मचाऱ्यांचे मूळ वेतन ताशी ७५ पेन्सच्या आसपास आहे आणि टिपेऐवजी प्रवाशांच्या समाधानाच्या गुणांवर बोनस देण्याची योजना आहे. मोठी चर्चा झाली. पुढे २०१९ मध्ये त्याच कंपनीने बिलात वेगळी टीप जोडणे बंद केले.

१७/ २००६ च्या सागरी कामगार कराराने (अंमल २०१३ पासून, भारताची मान्यता २०१५ मध्ये) लेखी करार, वेळेवर वेतन आणि मायदेशी परत पाठवण्याची हमी दिली. भरतीसाठी पैसे घेण्यावरही बंदी आहे, आणि भारतात भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्या मुलाने एजंटाला काही दिले का, हे मी विचारले नाही. त्याच्या वडिलांनी मात्र कर्जाचा उल्लेख केला.

१८/ टिपेवर उभे राहिलेले वेतन किती डळमळीत असते, ते २०२० मध्ये दिसले. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकली. तीवर १३८ भारतीय होते. त्यांपैकी १३२ कर्मचारी, प्रवासी फक्त ६. एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी'वरील शंभराहून अधिक भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबई बंदरात उतरण्याची परवानगी मिळाली, तीही बरेच दिवस किनाऱ्यासमोर तिष्ठल्यावर. प्रवासी नाहीत तर टीप नाही. टायटॅनिक बुडाली त्या दिवसापासून तिच्या खलाशांचा पगार कंपनीने थांबवला होता. इथे जहाजे तरंगत होती, जेवणघरे रिकामी होती.

१९/ मुंबईहून क्रूझ आता पुन्हा सुटतात. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' आली, २०२१ मध्ये कॉर्डेलिया. प्रवासी आता आपल्यातलेच असतात. गोव्याच्या वाढप्यांनी ज्या धक्क्यावरून साहेबाच्या पेट्या उतरताना पाहिल्या, त्याच बॅलार्ड पिअरवर कल्याण-डोंबिवलीची कुटुंबे बॅगा घेऊन रांगेत उभी राहतात. शेवटच्या रात्री टेबलावर बिल येते तेव्हा त्यांच्यात हळू आवाजात जी चर्चा सुरू होते, ती तुम्ही ऐकली असेल : "सर्व्हिस चार्ज लावलाय ना, मग वेगळं कशाला द्यायचं?"

तुमच्या घरात कोणी तारवटी असेल, जुने 'नल्ली', म्हणजे नोकरीची नोंदवही, पगाराचा कागद किंवा कुडातला फोटो असेल, तर खाली जरूर लिहा. पुढचा धागा धोबीतलावच्या कुडांवर.