वाऱ्याच्या ओढीविरुद्ध: बेंगळुरूच्या गच्चीवरील सौर सांगाडा

बेंगळुरूच्या गच्च्यांवर सौर पॅनेलच्या कितीतरी आधी सोलर वॉटर हीटर आले. 200 लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचेच वजन 200 किलो होते. तिला धरून ठेवावे लागत नाही. पॅनेलचे गणित नेमके उलटे आहे. साधारण अडीच चौरस मीटरचे पॅनेल जेमतेम 28 किलोंचे असते. त्याचा भार स्लॅबला पेलेल का, हे घरमालक हमखास विचारतो. खरा प्रश्न स्लॅब त्याला खाली धरून ठेवील का, हा आहे.

भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात बेंगळुरूसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 33 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 119 किलोमीटर दिला आहे. चेन्नईसाठी तो 50 आहे, मुंबईसाठी 44. म्हणून बेंगळुरू सौम्य वाऱ्याचे शहर मानले जाते आणि त्या सौम्यपणावर कंत्राटदार जरा जास्तच विसंबतात. वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणले की दाब मिळतो: चौरस मीटरला सुमारे 650 न्यूटन, म्हणजे 66 किलोंची ओढ. एका पॅनेलवर ती 170 किलोंच्या घरात जाते, पॅनेलच्या वजनाच्या सहापट. इमारतीची उंची, आजूबाजूची वस्ती, पॅनेलचा कल यांचे गुणक लावले की आकडा खालीवर होतो, आणि गच्चीच्या कडेला व कोपऱ्यांत तो वाढतोच.

शहर तेराव्या अक्षांशाजवळ असल्याने पॅनेल दक्षिणेकडे दहा-पंधरा अंश कलते ठेवतात. त्यामुळे उत्तरेची कड वर राहते. दक्षिणेचा वारा पॅनेलला दाबतो; उत्तरेचा खाली शिरून उचलतो. एप्रिल-मेच्या वळवात झोत कुठल्या बाजूने येईल याचा नेम नसतो, तेव्हा उचल ही अपवादाची नव्हे, नेहमीची स्थिती धरूनच हिशेब करावा.

तीन किलोवॅटसाठी सहा पॅनेल लागतात. त्यांची एकूण ओढ एक टनाच्या आसपास. ती सहा-आठ पायांत वाटली तर प्रत्येक पायाला दीडशे किलोंच्या आगेमागे येते. चांगल्या काँक्रीटमध्ये नीट बसवलेला दहा मिलिमीटरचा अँकर बोल्ट एवढे बळ सहज पेलतो. मग सांगाडे उखडतात कसे? बहुधा बोल्ट काँक्रीटपर्यंत पोचलेलाच नसतो. गच्चीच्या वर दिसतो तो पृष्ठभाग म्हणजे स्लॅब नव्हे. त्यावर उतार काढण्याचा आणि पाणी अडवण्याचा थर असतो: पुण्या-मुंबईकडे ब्रिकबॅट कोबा, दक्षिणेतल्या जुन्या घरांत चुना आणि विटांच्या खडीचा थर. तो दहा सेंटिमीटरही भरतो. तेवढ्याच लांबीचा बोल्ट त्यात संपतो आणि विटांच्या तुकड्यांना धरून बसतो. त्या दिवशी तो घट्टच लागतो, हीच फसगत.

उपाय कष्टाचा आहे. पायाखालचा थर स्लॅबपर्यंत फोडायचा, भोक पाडून ब्रशने आणि हवेने धूळ काढायची, रासायनिक अँकरने सळ्या बसवायच्या, त्यांवर काँक्रीटचे पेडेस्टल ओतायचे आणि वॉटरप्रूफिंग पेडेस्टलच्या अंगावर चढवून घ्यायचे. धूळ न काढता ओतलेले रसायन धुळीलाच चिकटते.

भोक पाडायचेच नसेल, तर वजन ठेवायचे. 30 सेंटिमीटरचा काँक्रीटचा घन ठोकळा सुमारे 65 किलोंचा असतो. पॅनेलमागे तीन धरले तर सहा पॅनेलना अठरा, म्हणजे बाराशे किलोंच्या जवळपास. वावरत्या गच्चीसाठी चौरस मीटरला 150 किलोंचा चल भार धरतात. त्याचा निम्मा वाटा हे ठोकळे खातात, शिवाय पाण्याच्या टाक्या असतातच. सशक्त स्लॅबवर हे चालते. लाकडी तुळयांच्या जुन्या मद्रास टेरेसवर मुळीच नाही.

गच्ची कपडे वाळवायला मोकळी राहावी म्हणून आता सांगाडा आठ फूट उंच करण्याची चाल पडली आहे. मला ती फारशी रुचत नाही. उचल तेवढीच राहते, पण कलत्या पॅनेलवरचा आडवा धक्का, सहा पॅनेलना सुमारे 200 किलो, तेवढ्या उंचीवरून पायांना पिळतो. तिरप्या बांधण्या आणि मोठे पेडेस्टल दिले तरच ही सोय परवडते. शक्य असेल तिथे पाय खालच्या तुळईच्या रेषेवर घ्यावेत.

प्लेगनंतर 1898 च्या सुमारास वसलेल्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडीत कौलारू बंगले अजून आहेत. मंगळुरी कौल हे नुसते पांघरूण. ते रिपांवर अडकवलेले असते. सांगाड्याचा हुक कौल उचलून थेट वाशाला ठोकायचा, रिपेला नव्हे, आणि वासा आतून पोखरला आहे का, ते आधी टोचून पाहायचे. पत्र्याच्या छपरात तोच नियम पर्लिनला लागू होतो. तिथे स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर घेतात, खोलगटात पाणी वाहते.

सांधा हा शेवटचा दुवा. ॲल्युमिनियमची चौकट आणि जस्त चढवलेले लोखंड पाण्यात भिजत राहिले की दोन धातूंतल्या विद्युत-रासायनिक क्रियेने गंज धरतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि मध्ये इन्सुलेटिंग वॉशर. जागेवर कापलेल्या किंवा भोक पाडलेल्या नळीचे जस्त तिथे गेलेले असते. तो भाग जस्ताच्या रंगाने लगेच भरावा. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत आणि दरवर्षी मार्चमध्ये, वळीव सुरू होण्याआधी, पुन्हा तपासावेत.