दाढीचा ब्रश आणि काळपुळीचे बीज

दाढीचा ब्रश ही इतकी साधी वस्तू आहे, की विज्ञानाच्या इतिहासात तिला काही जागा असेल असे सहसा कुणाच्या मनात येणार नाही. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात याच ब्रशाने इंग्लंड व अमेरिकेतल्या आरोग्य खात्यांची झोप उडवली होती. त्याच्यासाठी खास हुकूम काढावे लागले. ‘स्वच्छ’ आणि ‘निर्जंतुक’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यांच्यातले अंतर किती मोठे आहे, हे या हकिगतीवरून कळते.

भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावात हा ब्रश दोन ठिकाणी भेटतो. एक घरातल्या आरशाजवळच्या फळीवर आणि दुसरा सलूनमध्ये. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, तुरटीचा खडा आणि वस्तरा पाजळण्याची चामड्याची पट्टी असे; पुढे त्यात साबण आणि ब्रश आले. वस्तऱ्याच्या धारेकडे सगळ्यांचे लक्ष असते. ब्रशाकडे मात्र कुणी संशयाने पाहत नाही. तो तर साबणातच बुडालेला असतो, मग त्यात घाण कुठून राहणार, असा आपला समज असतो. हा समज कितपत बरोबर आहे?

पुण्यात सुरू झालेला एक धागा

गुरे, शेळ्यामेंढ्या व घोडे यांना होणारा एक जुना रोग आहे. जनावरांतल्या या रोगाला आपल्याकडे ‘फाशी’ म्हणतात आणि माणसाच्या कातडीवर तो उमटला की ‘काळपुळी’. आधी किडा चावल्यासारखी पुळी येते, मग फोड येतो आणि शेवटी मध्यभागी कोळशासारखी काळी खपली धरते. गंमत अशी, की या रोगाचे ‘अँथ्रॅक्स’ हे नावही ग्रीक भाषेतल्या कोळशावरूनच आले आहे. दोन वेगवेगळ्या समाजांनी तीच खूण पाहून तसेच नाव ठेवले!

१८७६ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने या रोगाच्या जीवाणूचे सारे जीवनचक्र सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. परिस्थिती प्रतिकूल झाली, की हा जीवाणू स्वतःभोवती टणक आवरणे तयार करून ‘बीजाणू’ बनतो. बीजाणू खात नाही, वाढत नाही. नुसता थांबून राहतो. मातीत, कातड्यात, केसांत तो कित्येक वर्षे तसाच राहतो आणि पुन्हा एखाद्या शरीरात शिरला, की रुजतो. ज्वारीचा दाणा कणगीत पडून राहावा आणि पाऊस पडल्यावर शेतात उगवावा, तसाच हा प्रकार.

जनावरांच्या रोगांनी हिंदुस्थानातही फार नुकसान होत असे. त्यांच्या अभ्यासासाठी सरकारने १८८९ साली ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू केली, ती पुण्यातल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. १८९३ साली ही प्रयोगशाळा हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलली. प्लेगच्या अभ्यासासाठी १८९७ साली हिंदुस्थानात आलेल्या कॉख यांनी तिथेही भेट दिली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. पुण्याचा या रोगाशी संबंध तिथेच संपला नाही. जनावरांना टोचण्याची फाशीची लस पुण्यात औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते.

युद्ध आणि ब्रश

चांगला ब्रश बिजू या प्राण्याच्या केसांचा, असा युरोपात लौकिक होता. पण हे केस महाग. म्हणून घोड्याचे केस रंगवून, बिजूच्या केसांसारखे दिसणारे स्वस्त ब्रश बनवीत. पूर्व आशियातून येणारा हा कच्चा माल युद्धापूर्वी युरोपात स्वच्छ व निर्जंतुक होऊन पुढे जाई. १९१४ साली युद्ध पेटले आणि व्यापाराच्या वाटा बदलल्या. मधला टप्पा गळाला. त्याच वेळी लाखो सैनिकांना ब्रश हवे होते. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसावा म्हणून दाढी गुळगुळीत करणे आता जिवाशी निगडित झाले होते.

मग सैनिकांच्या गालांवर, हनुवटीवर, मानेवर काळपुळ्या दिसू लागल्या. हे सैनिक ना गुराखी होते, ना कातडी कमावणारे. डॉक्टरांनी त्यांच्या सामानाचा शोध घेतला आणि नव्या ब्रशांच्या केसांत काळपुळीचे बीजाणू सापडले. साबणाच्या फेसाबरोबर ते चेहऱ्यावर पसरत आणि वस्तऱ्याने पडलेल्या बारीक चिरेतून आत शिरत. १९१५ ते १९२४ या काळात ब्रिटन व अमेरिकेत सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून अधिक जणांना ब्रशामुळे काळपुळी झाली. त्या वेळी प्रतिजैविके नव्हती, त्यामुळे काही जण दगावले.

ब्रिटनने १९१९ साली अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला. १९२० साली जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी आली. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातून जाणाऱ्या शेळीच्या केसांवर निर्बंध आले. ते लिव्हरपूल बंदरातल्या सरकारी केंद्रात निर्जंतुक झाल्यावाचून देशात घेतले जात नसत.

उकळत्या पाण्याने का भागले नाही?

इथे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे: ब्रशावर गरम पाणी ओतून का चालले नाही?

याचे उत्तर कॉख यांच्या जुन्या प्रयोगांत होते. १८८१ साली त्यांनी काळपुळीचे बीजाणू रेशमी धाग्यांवर वाळवले आणि निरनिराळी जंतुनाशके त्यांच्यावर वापरून पाहिली. शस्त्रक्रियेत गाजलेले कार्बोलिक आम्ल बीजाणूंपुढे निष्प्रभ ठरले. कोरड्या उष्णतेने त्यांना मारायला १४० अंश सेल्सिअसला तीन तास लागत; वाफेने हेच काम कमी तापमानाला आणि कमी वेळात होई. मर्क्युरिक क्लोराइड मात्र फार प्रभावी वाटले. पण १८८९ साली गेपर्ट यांनी दाखवून दिले, की धाग्याला चिकटून राहिलेला पारा रासायनिक रीतीने निकामी केला, तर ‘मेलेले’ बीजाणू पुन्हा वाढू लागतात. ते मेले नव्हते, नुसते अडवले गेले होते. वाढ थांबणे म्हणजे मरण नव्हे, हा धडा जंतुशास्त्राला तेव्हा मिळाला.

ब्रशाची अडचण आणखी एक होती. त्याचे केस मुठीत घट्ट बांधलेले असतात. वरून ओतलेले पाणी गाभ्यापर्यंत पोहोचेपर्यंत निवते, आणि साबणाचा व चरबीचा थर बीजाणूंना पांघरूण घालतो. म्हणून त्या काळी अमेरिकेत असा सल्ला दिला गेला, की ब्रश १० टक्के फॉर्मेलिनच्या द्रावणात सुमारे ४३ अंश सेल्सिअसला चार तास बुडवून ठेवावा आणि द्रावण प्रत्येक केसाला लागेल असा हलवत राहावा. तीव्रता, तापमान, वेळ आणि स्पर्श, या चारही गोष्टी त्यात आहेत. यातली एक वगळली तरी निर्जंतुकीकरण अपुरे राहते. फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना व फुफ्फुसांना घातक असल्याने हा उपाय घरी मुळीच करू नये. खरा उपाय कारखान्यातच झाला: केस ब्रशात बांधण्याआधीच निर्जंतुक करणे.

वर्गात करून पाहण्यासारखे

बीजाणूंचा चिवटपणा वाळलेल्या गवतावर पाहता येतो. गवत पाण्यात भिजवून ते पाणी गाळावे आणि दोन परीक्षानळ्यांत घ्यावे. एक नळी तशीच ठेवावी, दुसरी दहा मिनिटे उकळत्या पाण्यात धरावी. दोन्हींच्या तोंडाला कापसाचे बोळे लावावेत. उकळलेली नळी बहुधा उशिरा, पण दोन-तीन दिवसांत गढूळ होते. गवतावरच्या जीवाणूंचे बीजाणू उकळण्यातून वाचतात, ते हे असे. टिंडल यांनी १८७७ साली यावर तोड काढली: उकळा, बीजाणूंना रुजू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्रयोग संपल्यावर नळ्या प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास ठेवून मगच ओताव्यात.

आज काय करावे?

आजच्या ब्रशातून काळपुळी होण्याची भीती जवळजवळ नाही. २०१७ साली अमेरिकी संशोधकांनी सावध केले, ते शंभर वर्षांपूर्वीचे ब्रश हौसेने वापरणाऱ्यांना. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: अनेकांच्या गालांवरून फिरणारा एकच ब्रश. एड्सविषयीच्या प्रचारानंतर गिऱ्हाईक ‘नवे ब्लेड लावा’ असे सांगू लागले, ही चांगली गोष्ट झाली. पण ‘ब्रश कुणाचा?’ हे अजून फारसे कुणी विचारत नाही. पू धरणाऱ्या पुळ्यांचे जंतू आणि नायट्याची बुरशी ब्रशातून पसरू शकते. कावीळ ‘ब’ चा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो.

तेव्हा आपला ब्रश आपल्यापुरता ठेवावा. वापरानंतर कोमट पाण्याने साबण पूर्ण काढावा, ब्रश झटकावा आणि केस खाली करून उघड्या हवेत वाळू द्यावा. ओलसर डबीत कोंडू नये. सलूनमध्ये हाताने लावायचा फेस किंवा गिऱ्हाईकाचा स्वतःचा ब्रश हे सर्वांत चांगले. नायलॉनचा सामाईक ब्रश असेल, तर आधी साबण धुऊन काढावा आणि मग तो ०.५ टक्के क्लोरीनच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवून पुन्हा धुवावा. आधी धुणे, मग जंतुनाशक, हा क्रम उलटा केला तर द्रावण साबणातच खर्ची पडते.

आणि गावात जनावर अचानक दगावले, नाका-गुदद्वारातून काळसर रक्त आले, तर ते फाडू नये, सोलू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. न उघडलेल्या शरीरात हे जीवाणू बहुतांशी कुजून मरतात. हवा लागली, की त्यांचे बीजाणू होतात आणि माती वर्षानुवर्षे दूषित राहते.